शून्याआधीची रेघ

६ जानेवारी

घरातल्या सगळ्यांशी बोलून झालं की थोडंसं काहीतरी मागे उरतंच. आईला सांगावं तर ती रडते, दादाला सांगावं तर समुद्राच्या मधोमध तो काय करणार, आणि बाबांना सांगायची सोय नाही, कारण ते त्यांच्याबद्दलच असतं. म्हणून इथे लिहायला घेतलं आहे.

आज डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. शस्त्रक्रियेत पोटाचा बराच भाग काढल्यापासून बाबांच्या अंगी अन्न म्हणून लागत नाही. निघताना बाईंनी मला दाराशी थांबवलं आणि म्हणाल्या, "आता त्यांना तपासण्यांचा त्रास नको. रोज सकाळी वजन तेवढं करा. टिकलं तर आपल्याकडे वेळ आहे. घसरत राहिलं तर भावाला बोलावून घ्या, वाट बघत बसू नका." मी मान डोलावली. मान डोलवायला मी लहानपणापासून हुशार आहे.

दादा मालवाहू बोटीवर इंजिनिअर आहे. तिथलं इंटरनेट म्हणजे गळक्या नळाची धार. फोन लागत नाही, फोटो उघडत नाही, निरोप तेवढे जातात आणि चार ओळींचं पान कसंबसं उघडतं. मी घरी बसून लोकांच्या वेबसाइटी बनवते, त्यामुळे चार ओळींचं पान करणं हे या आजारपणात मला जमण्यासारखं एकमेव काम होतं. दुपारी करून टाकलं. पहिल्या ओळीत तारीख, दुसरीत आजचं वजन, तिसरीत कालपेक्षा किती कमी-जास्त, चौथीत बाबांचं त्या दिवसाचं एक वाक्य. रोज घरी येणारी नर्सताई सकाळी वजन करून आकडा सांगणार, मी तो भरणार, दादा बोटीवर बघणार. आईसाठी तेच पान टॅबवर लावून दिलं.

बाबांना दाखवलं तर म्हणाले, "म्हणजे आता माझा पण मीटर बसवलास, दीडशहाणे." पस्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. त्यांना सगळ्या यंत्रांत मीटरच दिसतो.

९ जानेवारी

वजन ४४.३. काल ४४.५ होतं.

पान चालू झाल्यापासून घरात कुणाला सुख नाही. आई सकाळी दात घासायच्या आधी टॅब उघडते. दोनशे ग्रॅम कमी दिसले की तिचा चेहरा पडतो, बाबांच्या पुढ्यात सुपाचा वाडगा ठेवून ती खनपटीला बसते, आणि बाबा तिच्या समाधानासाठी चार चमचे घेऊन नंतर ते सगळं बाहेर काढतात. शंभर ग्रॅम वाढले की ती शेजारच्या काकूंना हाक मारून सांगते. एवढं तर पाणी प्यायल्यावर वाढतं.

दादाचा निरोप आला, "तुझा तो टिंबानंतरचा आकडा बघून इंजिनरूममध्ये माझं लक्ष लागत नाही. काल पाच, आज तीन, उद्या काय, हेच डोक्यात."

बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग टिंब काढून टाक ना. शिकाऊ माणसाने सारखं मीटरकडे बघायचं नसतं. रस्त्याकडे बघायचं."

१३ जानेवारी

टिंब काढायला गेले आणि फजिती झाली.

आधी सरळ जवळच्या पूर्ण आकड्यावर नेण्याची सोय वापरली. काल ४३.४ होतं, पानावर ४३ दिसलं. आज ४३.५ झालं, पानावर ४४. आईने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, एक किलो वाढलं म्हणून. काकूंना सांगून झालं, मावशीला फोन करून झाला. मावशीने त्यावर स्वतःच्या उपासतापासाचं श्रेयही घेतलं. बाबा पलंगावरून माझ्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. त्यांच्या विजारीची नाडी आजच आणखी एक वेढा आत गेली होती.

मला फार वाईट वाटलं. हे खोटं बोलणंच झालं. जे नाही ते वाढवून सांगायचं नाही, असं ठरवलं. टिंबानंतरचं नुसतं कापायचं. त्रेचाळीस आहेत म्हणजे त्रेचाळीस तरी आहेतच, त्यात खोटं काही नाही. पुढचं फक्त बोलायचं नाही.

१५ जानेवारी

कापण्यातही खाचाखोचा आहेत. कापायची एक सोय आहे तिचं नाव फ्लोअर. ती आकड्याला खालच्या फरशीवर उतरवते. वजनाला ती बरोबर चालली. पण कालपेक्षा फरक उणे ०.३ आला, तर फ्लोअरने त्यालाही खालीच नेलं आणि पानावर उणे एक दाखवलं. आईच्या हातातून पेला सुटला. तिला वाटलं एका रात्रीत किलोभर माणूस गेलं.

मी धावतपळत दुरुस्ती केली. दुसरी सोय वापरली, तिचं नाव ट्रंक. ती वर नेत नाही, खाली नेत नाही, टिंबानंतरचं उडवते आणि गप्प बसते. उणे ०.३ दिलं, माझ्या पडद्यावर शून्य आलं. जीव भांड्यात पडला.

आईला समजावून सांगितलं, की घाबरू नकोस, आता बारीक आकडे ट्रंक केले आहेत.

"ट्रंकेत टाकलेस?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे पलंगाखालची आमची पत्र्याची पेटी आली असणार.

"हो, तसंच समज."

"मग आहेत ना ते. टाकून तर नाही ना दिलेस?"

"आहेत. माझ्याकडे सगळे आहेत."

"बरं," असं म्हणून ती काच गोळा करायला बसली.

१८ जानेवारी

आईला इंग्रजी आकडे चश्म्यातून धूसर दिसतात, म्हणून पान मराठी आकड्यांत करून दिलं. ब्राउझरमध्ये त्याची तयार सोय असते, आपण फक्त सांगायचं. वर-खाली बारीक रेघा मारून ओळी वेगळ्या केल्या. आज वजन कालच्यापेक्षा किंचित वाढलेलं होतं, ४३.१ चं ४३.२. पानावर ४३ आणि खाली ०. सुबक दिसलं. एकदा बघून बंद केलं. मला पान उघडायची गरजच पडत नाही, मी आकडे भरते ती खिडकी वेगळी आहे आणि खरे आकडे मला नर्सताईच्या तोंडून कळतात.

आज बाबांना वाक्य विचारलं. म्हणाले, "सांग त्याला, मी बरा आहे. फक्त त्याचा आवाज ऐकून फार दिवस झाले." मी लिहिलं, "मी बरा आहे." उरलेलं लिहिलं असतं तर तिकडे दादाचा जीव टांगणीला लागला असता, आणि फोन तर लागत नाहीच. मग उगीच कशाला.

२१ जानेवारी

४२.६.

दादाचा निरोप आला, "आकड्यापुढे ही रेघ कसली काढलीस? नक्षीकाम जोरात आहे." मी ओळींमध्ये मारलेल्या रेघांबद्दल म्हणत असणार. मी लिहिलं, "पान जरा बरं दिसावं म्हणून. काढू का?" तो म्हणाला, "राहू दे, छान दिसते. आणि टिंब काढलंस ते बेस्ट केलंस. आता मी पोटभर जेवतो."

कितीतरी दिवसांनी मला स्वतःचं कौतुक वाटलं.

२७ जानेवारी

घरात शांतता आहे. आई सकाळी टॅब बघते, काही न बोलता खाली ठेवते, बाबांना थोडंसं दूध देते आणि आग्रह करत नाही. आग्रह थांबल्यापासून बाबांचं ओकणंही थांबलं. चार ओळींच्या पानाने एवढं केलं, मला आणखी काय हवं.

आज ४१.९. पानावर ४१.

नर्सताई गाडी शिकते आहे हे बाबांना कळलं आणि आज त्यांची शिकवणी लागली. ते पलंगावर टेकून, ती समोरच्या स्टुलावर. उशीचं स्टेअरिंग. "क्लच हळू सोडायचा, मांजराच्या शेपटीवरून पाय काढतो तसा." तिने पाय उचलला की हे म्हणायचे, "गेलं मांजर." ती इतकी हसली की वजनकाट्याला पाय लागून तो फरशीवर घसरत गेला. बाबाही हसले. मग दम लागला म्हणून आडवे झाले आणि डोळे मिटून मला म्हणाले, "तुझ्या दादाला मी शिकवलं ना, तेव्हा तो एकदाही घाबरला नाही. मीच घाबरलो होतो. त्याला कधी सांगितलं नाही. आला की सांगेन."

पानावर लिहिलं, "दादाला शिकवलं तेव्हा तो एकदाही घाबरला नाही."

३० जानेवारी

दादाने सरळ विचारलं आहे. रविवारी त्यांची बोट एका मोठ्या बंदराला लागते. तिथे उतरता येईल, कप्तानाला दोन दिवस आधी सांगावं लागेल. त्यानंतर मात्र मोठा समुद्र आहे आणि पुढचं बंदर एकदम मार्चच्या सुरुवातीला. फेरी अर्ध्यात सोडली तर बढती लांबेल, पण त्याचं त्याला काही नाही. "तू तिथे आहेस, तू बघतेस. उतरू का?"

बाबांना विचारलं. ते बराच वेळ खिडकीकडे बघत होते.

"फेरी पूर्ण झाली की त्याची बढती ना?"

"हो."

"मग करू दे पूर्ण."

मी निघाले तर मागून म्हणाले, "पुढचं बंदर कधी म्हणालीस?"

"मार्चमध्ये."

"बराच उशीर आहे गं."

मी दारात थांबले. त्यांनी आणखी काही सांगितलं असतं तर मी ऐकणार होते. पण त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं, आणि तो विषय तिथेच राहिला.

सकाळी नर्सताईने ४१.४ सांगितलं होतं. रविवारी ४१.९ होतं. पण आठवडाभर आकडा एक्केचाळिसाच्या खाली गेलेला नाही हेही खरं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, टिकलं तर वेळ आहे. याला टिकणंच म्हणतात, नाहीतर आणखी कशाला म्हणतात? मी दादाला कळवलं, "४१ वर स्थिर आहे. बाबा म्हणतात, फेरी पूर्ण कर."

त्याचं उत्तर लगेच आलं. "तुझ्या आकड्यावर विसंबून आहे हं, दीडशहाणे."

३ फेब्रुवारी, रविवार

४१.०. मी नर्सताईला पुन्हा करायला लावलं. तेच आलं. म्हटलं, आजचा दिवस तरी निभावला. असं का म्हटलं ते माहीत नाही.

दादाची बोट दुपारी बंदर सोडून निघाली. तो वर उभा राहून किनारा बघत होता म्हणे. त्याने पान उघडून बघितलं, एक्केचाळीस होतं.

४ फेब्रुवारी

४०.७. पानावर ४०. पानावर एक पूर्ण किलो पडला, आणि खाली फरक मात्र शून्य दिसत असणार. कुणालाही कळेल की यात काहीतरी गडबड आहे. दादाचा निरोप अजून नाही. मोठ्या समुद्रात इंटरनेट एकेक दिवस नसतं.

६ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

बाबा झोपले होते. आई टॅब घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "एक विचारू? ही शून्याच्या आधीची रेघ थोडी मोठी करता येईल का? मला कधीकधी दिसत नाही, चश्मा पुसावा लागतो."

"कसली रेघ?"

तिने बोट ठेवलं. मी बघितलं. कालपेक्षा फरक, आणि पुढे -०. उणे शून्य.

यंत्रात शून्यं दोन असतात हे मी कॉलेजात शिकले होते आणि तिथेच सोडून आले होते. एक साधं, एक उणे. उणे ०.३ मधलं टिंबानंतरचं कापलं की आकडा जातो, पण उण्याचं चिन्ह मागे राहतं. नुसतं छापलं तर ते दिसत नाही, म्हणून त्या दिवशी मला माझ्या पडद्यावर साधं शून्य दिसलं. मराठी आकड्यांत बदलणारी सोय मात्र ते चिन्ह इमानाने जपते. म्हणजे अठरा तारखेपासून पान रोज खरं सांगत होतं. फक्त मी ते उघडून बघत नव्हते.

"तुला ही रेघ कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पहिल्यापासून. रेघ असली म्हणजे कमी झालं, नसली म्हणजे नाही झालं. या वीस दिवसांत बिनरेघेचे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले." ती टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होती. "मला वाटलं तू मुद्दाम ठेवलीस. आम्हाला एकदम धक्का बसू नये, हळूहळू कळावं म्हणून. मी मनात म्हटलं, पोरगी मोठी झाली."

मग तिने हळूच विचारलं, "दादाला सांगितलं होतंस ना, रेघ कशी वाचायची ते?"

८ फेब्रुवारी

कंपनीच्या ऑफिसमार्फत बोटीवर फोन लावून घेतला. दिवसभर खटपट केली तेव्हा लागला. आपण बोललेलं तिकडे पोचायला वेळ लागतो, तिकडचं इकडे यायला वेळ लागतो, त्यामुळे सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होते. मी दादाला सांगितलं की वजन खरं किती आहे. मला वाटलं लाइन तुटली. मग म्हणाला, "फोन बाबांना दे."

बाबांच्या कानाला लावला. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला आहे. ते म्हणाले, "वळताना आरशात बघायचं विसरू नको." मग बराच वेळ ऐकत राहिले. तिकडून काय आलं मला कळलं नाही. बाबा म्हणाले, "अरे हो रे, वाट बघतो." फोन ठेवल्यावर आईने त्यांचं तोंड पुसलं.

मी पान खरं केलं आहे. टिंब परत घातलं. ३९.८. आता ते बघायला कुणी नाही. आई टॅब उघडत नाही आणि दादाचं इंटरनेट बंद आहे.

११ फेब्रुवारी

बाबा सकाळी गेले. नर्सताई काटा घेऊन आली होती. ती तो हातात धरून तशीच दारात उभी राहिली.

१४ फेब्रुवारी

मृत्यूची नोंद करायला गेले. खिडकीतल्या कारकुनाने वय विचारलं. मी म्हटलं, "सत्तर वर्षं अकरा महिने." तो म्हणाला, "पूर्ण झालेली वर्षं सांगा फक्त." मी सत्तर म्हटलं. त्याने सत्तर लिहिलं. रस्ताभर मला त्या अकरा महिन्यांचं वाईट वाटत राहिलं. त्यातले चार ते बरे होते, गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते, आणि एकदा माझ्याशी कडाकडा भांडले होते. तेही गेले.

मी एकटीच होते म्हणून रडायला हरकत नव्हती, पण रडू आलं नाही. चार दिवस झाले, येत नाही. झोपही नाही. डोळे मिटले की दादा बोटीवर उभा राहून किनारा बघताना दिसतो आणि त्याच्या हातात माझं पान असतं.

दादाची बोट एका लहान बंदराला वळवून त्याला उतरवणार आहेत. कुणीतरी मेल्यावर वळवता येते म्हणे.

१८ फेब्रुवारी

लोक येतात, बसतात. सगळे बाबांकडे गाडी शिकलेले. शहरातले निम्मे अपघात बाबांनी टाळले असं एकजण म्हणाला, आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडे न शिकलेल्यांनी केले.

आज एक बाई आल्या होत्या, बेकरी चालवतात. शिकत असताना त्यांनी गाडी सरळ खांबाला घातली होती, पुढचा भाग चपटा झाला होता. बाबांच्या मालकाने जाब विचारला तेव्हा बाबा म्हणाले, माझ्या पायाखालीही ब्रेक होता, मी दाबला नाही, चूक माझी. मालकाने महिनाभर बाबांना गाडी दिली नव्हती. "आणि खरं सांगू का," बाई म्हणाल्या, "त्यांनी ब्रेक दाबला होता. मला आवाज आला होता. तोपर्यंत मी ठोकलीच होती. पण ते तसं बोलले नसते तर मी परत गाडीत बसले नसते." आई म्हणाली, "मला कधी बोलले नाहीत."

२१ फेब्रुवारी

दादा आला. दाढी वाढलेली, अंगाला डिझेलचा वास, हातात एवढीशी बॅग. आईला धरून तो दारातच बसला. बाबांच्या पलंगावर त्याने हात ठेवला, पण बसला नाही.

संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं. काही मागे ठेवलं नाही. टिंब का काढलं, एक्केचाळीस म्हणजे खरं काय होतं, शून्याआधी रेघ कशी आली आणि मला कशी दिसली नाही. बाबांची वाक्यंही सांगितली, मी कापलेली. आवाज ऐकून फार दिवस झाले म्हणाले होते ते. शिकवताना मीच घाबरलो होतो, आला की सांगेन म्हणाले होते ते. बराच उशीर आहे गं, तेही.

तो ऐकत होता. शेवटी मी म्हटलं, "तू माझ्या आकड्यावर विसंबला होतास. तुझी आणि बाबांची भेट मी कापली."

तो उठून तोंड धुवायला गेला आणि फार वेळ आतच राहिला. नळ चालू होता.

२३ फेब्रुवारी

दादा दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. मला ते योग्यच वाटत होतं. मी जेवायला बसत होते, पण घास फिरत होता. आई म्हणाली, "ही अशीच राहिली तर हिचंही वजन करावं लागेल." ती हे दादाला म्हणाली, मला नाही.

आज सकाळी मी भांडी घासत होते आणि तो शेजारी उभा राहून पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. ती रेघ मला कळली होती."

"कुठली रेघ?"

"शून्याआधीची. पहिल्याच दिवशी कळली. मी इंजिनिअर आहे, मला उणे कळत नाही का?" तो एकच ताटली पुन्हापुन्हा पुसत होता. "रोज कमी होतंय हे मला माहीत होतं. बंदरात शिडी लावलेली होती, मी तिच्यापाशी उभा होतो. मला रेघ दिसत होती आणि मी शून्य वाचलं. घाबरलो होतो. बाबांना तसं बघायचं नव्हतं मला. तू काही कापलं नाहीस. तुझ्या आकड्याचा यात काही संबंध नाही."

माझ्या हातातून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. म्हणजे हे सगळे दिवस मी स्वतःला खात होते, आणि याला माहीत होतं. माहीत असून हा आला नाही. बाबा खिडकीकडे बघत होते तेव्हा हा शिडीपाशी उभा राहून पान बघत होता.

"आणि मला आत्ता सांगतोस?"

"हो."

"फोनवर बोललास बाबांशी, तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

आई केव्हा आली होती कुणास ठाऊक. ती दारात उभी होती. ती दादाकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं आता बोलेल त्याला, चांगलं फैलावर घेईल. ती पुढे आली, त्याच्या हातातली ताटली काढून घेतली आणि म्हणाली, "अगदी बाबांवर गेलायस."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "बाबांवर? बाबा असं पाठ फिरवून गेले असते?" आईने ताटली फडताळात लावली. मी हात न पुसताच तिथून निघाले, बाबांच्या खोलीत जाऊन दार लावलं, आणि मग रडू आलं. इतकं आलं की मला वाटलं आता थांबणारच नाही. नंतर कधीतरी तिथेच झोप लागली.

दुपारी जाग आली तेव्हा भूक लागली होती. राग तसाच होता, उलट झोप झाल्यामुळे ताजा झाला होता. बाहेर आले, आईने वाढलेलं सगळं जेवले, आणखी मागून घेतलं. दादा समोर बसून मी जेवताना बघत होता. मी त्याला सांगितलं, की तू काहीही केलंस तरी या गोष्टीसाठी मी तुला जन्मात माफ करणार नाही.

तो म्हणाला, "चालेल."